टाच टेकेपर्यंत

केसांची पिन होती. साधी, काळी, लाकडी ठोकळा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अडकलेली. एक टोक वाकलेलं आणि त्या वाकलेल्या टोकात एक लांब केस अजून गुंतलेला... तिनं ती काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. कुणाचीही असेल. दिवसभर या खोलीत एवढे लोक येतात, वाकतात, लोळतात, घाम पुसतात, केस बांधतात आणि सोडतात. पण केस लांब होता, आणि एवढे लांब केस नाचणाऱ्यांच्या साऱ्या संचात एकीचेच होते, आणि त्या एकीला या ठोकळ्यावर उभं राहायची मनाई होती. मनाई कुणी केली होती? मीच की.

ती उठली. खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. काचेच्या दारापलीकडे तालमीचा मोठा हॉल रिकामा होता, लाकडी जमीन नुकतीच पुसलेली, आणि कोपऱ्यातल्या आरशापाशी ती जागा — ती जागा तिला लंबूनं फोनवर सांगितली होती, नाहीतर तिथं काही दिसण्यासारखं नव्हतं. रक्त नाही, ओरखडा नाही. नाचणारं माणूस तुटतं तेव्हा जमिनीवर काहीच उमटत नाही.

काल तिची सुट्टी होती. गॅलरीत ती कपडे वाळत घालत होती, आणि लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे संचातला सगळ्यांत उंच मुलगा, एरवी थट्टेशिवाय बोलत नाही. "ताई, भिंगरी पडली," तो म्हणाला, "म्हणजे पडली नाही हो... उडी मारून खाली आली, आणि मागे वळून मला म्हणाली, लाथ का मारलीस? मी तर पार दुसऱ्या टोकाला होतो, ताई. आईशप्पथ." एवढं ऐकलं आणि तिला कळलं. टाचेवरची ती जाड शीर तुटते तेव्हा माणसाला हुबेहूब असंच वाटतं, मागून कुणीतरी लाथ घातली. शीर नव्हे ती, पोटरीच्या स्नायूचं शेवटचं टोक आहे, असं संचातल्या प्रत्येकाला सांगून सांगून ती थकली होती आणि हल्ली स्वतःच शीर म्हणायला लागली होती. लंबू तिकडं हुंदके देत होता, हातात नवऱ्याचा ओला शर्ट होता, त्यातून पाणी पावलांवर ठिबकत होतं, आणि त्या क्षणी तिच्या मनात सगळ्यांत आधी जे आलं...

नको.

रात्री नवरा म्हणाला होता, "तू तिथं नव्हतीसच. आणि असतीस तरी काय तिची टाच धरून बसणार होतीस?" चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा. तिला हसू यावं म्हणून. ती हसलीही. मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी तिनं पुन्हा धुतली.

लोक येऊ लागले. आज कुणी गलका करत नव्हतं. एकेक जण येई, तिच्याकडे बघून मान हलवी आणि आपापल्या जागी जाई — अर्धे ठोकळ्यांकडे, अर्धे चटयांकडे. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं. मास्तरांची परवानगी काढून तिनंच ते सुरू केलं होतं. अर्ध्यांनी ठोकळ्याच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग एक पाय उचलून घ्यायचा आणि सगळा भार दुसऱ्या पायावर टाकून टाच हळूहळू, अगदी हळूहळू खाली सोडायची, ठोकळ्याच्या कडेच्याही खाली. वर जाण्यात काही विशेष नाही, ती त्यांना सांगायची, वर कुणीही जातं. खाली येताना स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबताच भार झेलतो, ते त्याला शिकवायचं. उडी मारून खाली येता तेव्हा तुमचं शरीर दुसरं काय करतं? उरलेल्या अर्ध्यांनी चटईवर बसून पूर्वीसारखंच पाय ताणायचे. कुणी काय करायचं ते मास्तरांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरलं. वर्ष संपलं की बघायचं, कोण किती वेळा दुखावलं, कुणाच्या उड्या सुधारल्या. फरक दिसला तर तो साऱ्या संचांना दाखवायचा, नाचणाऱ्यांची चार-दोन वर्षं वाढवायची. एवढं साधं होतं ते. आणि चांगलं होतं. ते चांगलं होतं, याबद्दल तिला आजही...

लंबू ठोकळ्यावर चढला. त्याची टाच खाली येऊ लागली, आणि ती बघत राहिली, पोटरीतला तो जाड गोळा लांबत, पातळ होत, थरथरत... पूर्वी हा मुलगा उडीवरून खाली यायचा तेव्हा वरून कुणी पोतं टाकल्यासारखा आवाज व्हायचा. तीन महिन्यांत तो आवाज गेला. एके दिवशी ती हॉलच्या दाराशी डोळे मिटून उभी राहिली आणि नुसत्या आवाजावरून तिला सांगता येऊ लागलं, हा ठोकळ्यावरचा, ही चटईवरची, हाही चटईवरचा. त्या दिवशी ती घरी गेली ती जवळजवळ पळतच. स्वतःला तिला कधी नाचता आलं नव्हतं, शाळेच्या गॅदरिंगमध्येही तिला झाड करून उभं केलं होतं. पण त्या संध्याकाळी तिला वाटलं की यांच्या नाचात आपलं काहीतरी आहे, आतून, कुणाला न दिसणारं.

म्हणजे तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच. मग पुढचे सगळे महिने चटईवरच्यांना चटईवरच का बसवलं?

नियम, म्हणून. मध्येच थांबलं तर कुणी मानणार नाही, म्हणून.

आणि त्याच सुमारास एकदा भिंगरी तिच्याकडे आली होती, कपडे बदलून, तो लांब शेपटा पुढे घेऊन त्याला गाठ मारत. ती बोलायला लागली की गोलगोल फिरायची, म्हणून भिंगरी. "ताई, मलाही शिकवा ना ते. लंबूचे पाय बघा कसे झालेत. कालपर्यंत हत्ती होता मेला."

"तुला नाही. तुझी चिठ्ठी दुसरी आली."

"चिठ्ठीचं काय एवढं घेऊन बसलाय!"

"वर्ष संपू दे. सगळ्यांत आधी तुलाच शिकवीन."

"वर्ष?" भिंगरी म्हणाली होती. "ताई, मी सव्वीस वर्षांची आहे." आणि हसत हसत निघून गेली होती. तेव्हा ते थट्टेतलं वाटलं. नाचणाऱ्या बाईच्या सव्विसाव्या वर्षाचा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक असूनही.

दुपारी मास्तरांनी बोलावलं. संच त्यांचाच, नाच बसवणारेही तेच. ते खिडकीपाशी उभे राहून डब्यातलं खात होते, बसून खाताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"काय हो डॉक्टर," ते म्हणाले. ती डॉक्टर नव्हती, संचाकडून व्यायाम करून घेणारी होती, पण रागावले की मास्तर तिला डॉक्टर म्हणत. "तुमच्या त्या ठोकळ्यावरचे किती जण लंगडे झाले?"

"एकही नाही."

"आणि चटईवरचे?"

"तिघं. भिंगरी धरून."

"मग झालं की सिद्ध! उद्यापासून सगळ्यांना चढवा. एवढं कळायला पोरीचा पाय जावा लागला होय?"

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं, बोटं पुसली, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तिचा भाग धाकटीला दिलाय, संचात सगळ्यांत लहान असली तरी. दुसरा इलाज नाही, प्रयोग तोंडावर आलाय. तुम्ही धाकटीचे पाय बघा जरा. आणि भिंगरीजवळ हे बोलू नका. मी सांगेन सवडीनं."

एवढं कळायला पोरीचा पाय जावा लागला होय... इस्पितळाच्या बसमध्ये ते वाक्य तिच्या शेजारच्या सीटवर बसून आलं. मास्तर बोलून मोकळे झाले होते, त्यांना ठाऊकही नसेल की ते नेमकं कुठं लागलं. कारण कालपासून ती जिच्याभोवती घिरट्या घालत होती ती गोष्ट हीच होती, आणि आता बसच्या खडखडाटात, खिडकीच्या काचेला डोकं टेकून, तिला ती टाळता येईना. लंबू फोनवर रडत होता आणि तिच्या मनात सगळ्यांत आधी आलं होतं ते एवढंच — चटईवरची तिसरी. तीन विरुद्ध शून्य. आणि त्या शून्याबरोबर, छातीत, अगदी क्षणभर, काहीतरी सुटल्यासारखं, गोड... मग भिंगरी आठवली. मग हातातला शर्ट खाली पडला. पण आधी ते. आधी ते!

आणि ते एकटं नव्हतं, त्याच्या मागं आणखीही काही उभं होतं. महिन्यापूर्वी भिंगरीचा खाली येण्याचा आवाजही हलका झाला होता. डोळे मिटून ऐकताना ती फसली, तिला वाटलं ठोकळ्यावरचं कुणीतरी आहे, आणि डोळे उघडून बघते तर भिंगरी. आनंद व्हायला हवा होता. झाली होती चिडचिड. ही का सुधारतेय मध्येच? फरक पुसला जाईल अशानं. आणि गेल्या आठवड्यात, सगळ्यांच्या टाचा तपासताना, भिंगरीच्या डाव्या टाचेवर, चिमटीत, तिला वाटाण्याएवढा जाडपणा लागला होता. "दुखतं?" "छे हो ताई!" आणि तिनं ती टाच सोडून दिली, पुढच्याची धरली. एरवी ती सोडणारी नव्हती. एरवी तिनं तीनतीनदा विचारलं असतं, दाबून पाहिलं असतं, दोन दिवस उड्या बंद केल्या असत्या. का सोडली? घाई होती. खरंच घाई होती का?

ती ठरवूनच इस्पितळातल्या खोलीपाशी आली. सांगायचं. मला माहीत होतं, मी तुला मुद्दाम शिकवलं नाही, तुझ्या टाचेत मला लागलं होतं — एवढं तरी सांगायचं. मग तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. नव्हे, त्याच हव्या होत्या. कालपासून ती कुणीतरी आपल्यावर ओरडेल म्हणून वाट बघत होती आणि जो तो तिलाच सांभाळून घेत होता.

दारातच भिंगरीची आई भेटली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. काल धावतपळत निघताना घातलेल्या, त्या अजून तशाच. आईनं तिचे दोन्ही हात धरले. "आलात का? बरं झालं. तुमचंच नाव घेतेय सकाळपासून. तुम्ही होतात म्हणून एवढी वर्षं टिकली हो पोर." आणि मग, आवाज उतरवून, "परत नाचेल ना?"

"बघू या. वेळ लागेल," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला एखाद्या पाटीवर वाचल्यासारखा वाटला. आई औषधं आणायला खाली गेली.

भिंगरी उशीवर टेकून बसली होती. शेपटा कुणीतरी सैल, वेडावाकडा घातला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि त्याच्या आत पाऊल चवड्याकडे झुकवलेलं, शिवलेल्या शिरेला ताण पडू नये म्हणून तसंच ठेवतात. पण दिसायला ते नाचातल्यासारखं दिसत होतं, एक पाय ताणून कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखं. तिला तिकडं बघवेना.

"ताई," भिंगरी म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. रागावणार नाही ना?"

"आधी माझं—"

"नाही, आधी माझं. आई वर यायच्या आत." ती चादरीचा काठ बोटांत गुंडाळू लागली. "मी करत होते."

"काय?"

"तेच. ठोकळ्यावरचं. घरी, जिन्याच्या पायरीवर. कधी कधी सकाळी लवकर येऊन तिथं, तुमच्या खोलीतसुद्धा. लंबूनं शिकवलं. त्याला बोलू नका हं, मीच हात धुऊन मागे लागले होते त्याच्या."

खाली कुठंतरी स्ट्रेचरची चाकं करकरत गेली.

"किती करायचीस?" तिनं विचारलं. विचारलं म्हणजे ते आपोआप तोंडातून निघालं, सवयीनं.

"तो करायचा त्याच्या दुप्पट. त्याला आधीपासून मिळालं होतं ना. मला गाठायचं होतं त्याला. नंतर पाठीवर सॅक घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरायच्या सॅकमध्ये."

"दुखत नव्हतं?"

"दुखायचं की! सकाळी पाय जमिनीला लावता यायचा नाही. पण लंबू म्हणाला, ताई म्हणतात सुरुवातीला दुखणारच, दुखलं म्हणजे लागू पडतंय. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "माझं नाव त्यातून काढून टाका, ताई. मी तुमचं एवढं काम बिघडवलं. माफ करा मला."

माफ करा मला... हे वाक्य तिनं बसमध्ये जुळवलं होतं. ते या मुलीनं पळवलं. आता तिच्याजवळ काय उरलं? कालपासून तिच्याजवळ निदान एक ठाम गोष्ट होती, जळत्या निखाऱ्यासारखी का होईना, पण मुठीत धरता येईल अशी — मी शिकवलं असतं तर ही वाचली असती. आणि आता? हिनं तर केलं होतं. करूनच तुटली. की वेडंवाकडं केलं म्हणून तुटली? मी शिकवलं असतं तर दुप्पट करू दिलं नसतं, सॅक काढून घेतली असती, त्या दुखण्याला हे दुखणं वेगळं आहे म्हणाले असते... म्हणजे पुन्हा मीच. पण मग तो हलका आवाज? तो खरा होता, तो ठोकळ्याचाच होता, म्हणजे लागूही पडत होतं. लागू पडत होतं आणि तोडतही होतं. तीन विरुद्ध शून्य नव्हतं. दोन विरुद्ध एक होतं, किंवा काहीच नव्हतं. ज्या गोड क्षणाची तिला काल लाज वाटली तो क्षणसुद्धा खोट्या आकड्यावर उभा होता. पापाची निदान खात्री असावी माणसाला...

"तुम्हाला काय सांगायचं होतं?" भिंगरीनं विचारलं.

"काल फोन आला ना," ती म्हणाली. सांगायचं होतं ते हे नव्हतं, हे तर तिनं कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं; पण बाकी सगळं आता सांगण्यासारखं राहिलंच नव्हतं. "लंबू सांगत होता, तू पडलीस म्हणून. तेव्हा मला आधी तू आठवली नाहीस."

"मग?"

"आकडा आठवला. चटईवरची तिसरी. आणि... बरं वाटलं मला. क्षणभर. बरं वाटलं."

झालं. बोलून झालं. आता ओरडेल. आता तोंड फिरवील, आईला हाक मारील, यांना बाहेर काढ म्हणेल. भिंगरी तिच्याकडे बघत होती, डोळे कोरडे, विचारात पडल्यासारखे.

"मलासुद्धा," ती सावकाश म्हणाली, "खाली बसले ना, आणि कळलं की पाय गेला, तेव्हा दुखत नव्हतंच ताई, खरंच नाही दुखत तेव्हा... मनात आधी हेच आलं की आता माझा भाग कुणाला देणार. आणि लगेच वाटलं, जिला मिळेल तिचाही पाय तुटू दे. असंच येतं हो मनात."

हे नको होतं. तिला मार हवा होता आणि या मुलीनं सरकून शेजारी जागा करून दिली होती. तिनं चादरीवरचा तो हात हातात घेतला. बोटं गार होती.

"कुणाला दिला?" भिंगरीनं विचारलं.

"मास्तर सांगतील."

"ताई."

"...धाकटीला."

भिंगरीनं मान भिंतीकडे वळवली. रडत असावी, पण तिचा श्वास संथ चालला होता, नाचणाऱ्यांना शिकवतात तसा. मग भिंतीशी बोलल्यासारखं ती म्हणाली, "धाकटी ठोकळ्यावरचीच ना?"

"हो."

"तिला ते नीट शिकवलंय तुम्ही. समोर उभं राहून. ते चांगलंच असतं ना ताई? नीट केलं, तर नाही ना होत असं?"

किती वेळा दिलं होतं याचं उत्तर! संचाला, मास्तरांना, नवऱ्याला, जेवताना, आरशासमोर. 'हो' हा शब्द तिच्या जिभेवर कायम तयारच असायचा, विचारायची खोटी. आताही तो आला, ओठांपर्यंत आला, आणि तिनं त्याला बाहेर येऊ दिलं नाही. तो खोटा नसेलही. उद्या सगळे पुन्हा तिच्यासमोर उभे राहतील, लंबू मान खाली घालून, धाकटी घाबरलेली, चटईवरचे आता ठोकळ्यावर जायला आतुर, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघतील, आणि तिला त्यांचे पाय हातात घ्यावे लागतील, एकेक करून, आणि प्रत्येक पावलाला वाटेल की या बाईला कळतं.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "आत्ता मला माहीत नाही."

भिंगरीनं मान हलवली का, ते तिला कळलं नाही. बाहेर भिंगरीच्या आईचा आवाज आला, ती कुणाला तरी खोलीचा नंबर विचारत होती, सकाळपासून इथंच असून विसरली होती. आत ती भिंगरीजवळून उठली नाही. हातात तो गार हात होता, आणि आतून इतके महिने कुणीतरी सतत मोजत, मांडत, बेरजा करत बसलेलं असायचं ते आता बोलत नव्हतं. ते गेलं होतं की नुसतं दबा धरून बसलं होतं, तेही तिला सांगता आलं नसतं. ती फक्त घाबरली होती. उद्या सकाळपासून प्रत्येक टाच हातात घेताना आपण अशाच घाबरलेल्या असणार, हे तिला दिसत होतं, आणि तरी हात सोडावासा वाटत नव्हता.